टोकांवरचा रंग

२ फेब्रुवारी, सोमवार

हात थरथरतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज एक पान लिहायला सांगितलं आहे. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "काहीही लिहा, पण मोठं लिहा." माझी शाळा पाचवीपर्यंत. अक्षरं मात्र पंचेचाळीस वर्षं काढली, दुकानांच्या बोर्डांवर. पण अक्षर काढणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. काढताना मजकूर दुसऱ्याचा असतो आणि चुकलं तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतं.

वही सुनेने आणून दिली. मुलगा कामानिमित्त सहा-सहा महिने बाहेर असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. ती समोरच्या खोलीत दिवसभर कंप्यूटरवर अक्षरं बनवते. तिचा तोच धंदा आहे. आज चहा पिताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही आणि मोठ्या काकांनी मिळून काढलेले बोर्ड अजून कुठे शिल्लक आहेत का हो?"

मोठे काका म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. मी कप खाली ठेवला. कशाला गं म्हटलं, तर म्हणाली, "बघायचेत." नुसतं बघण्यासाठी कोणी विचारत नाही.

गॅस बंद आहे. दोनदा बघितला.

४ फेब्रुवारी, बुधवार

बोर्ड बघून आलो. तीनच उरलेत. शिंप्याचं दुकान, किल्ल्या करणारा आणि एक छापखाना, जो बंद पडला आहे पण बोर्ड काढायला कोणी आलेलं नाही. सून भर रस्त्यात उभी राहून फोटो काढत होती. "अगं, गाडी येईल," म्हणून मी ओरडत होतो. गाडी आली नाही, पण आली असती.

किल्लीवाल्याच्या बोर्डाखाली उभं राहून ती म्हणाली, "हे बघा बाबा. उभी रेघ मधे किंचित बारीक आहे आणि खाली येता येता रुंद होत जाते. टोकाला वेगळं पाऊल चिकटवलेलं नाही. पोटरीचंच हळूहळू पाऊल झालंय."

किल्लीवाला कानस थांबवून ऐकत होता. "म्हणजे अक्षराने बेलबॉटम घातलीय," तो म्हणाला.

"अगदी! आणि घातलीय म्हणूनच एवढं जाड असून बोजड दिसत नाही."

दोघं हसले. मी शिडी लावलेली जागा बघत होतो. भिंतीवर अजून घासल्याची खूण आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुनेने पडद्यावर अक्षरं दाखवली. आमचीच अक्षरं, पण धुऊन इस्त्री केल्यासारखी. आपला आवाज रेडिओवर ऐकावा तसं वाटलं. बोर्डांवर जी अक्षरं कधी काढलीच नव्हती तीसुद्धा तिने त्याच धर्तीवर केली आहेत. "ञ"ला कोण गिऱ्हाईक मिळणार होतं आम्हाला? तोही आहे.

मग तिने ती बारीक करून औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीएवढी केली. टोकं एकमेकांना चिकटली आणि नुसता काळा चिखल झाला. "हे असल्या कामाचं नाही," ती म्हणाली. मग एकच अक्षर पडदाभर केलं. तेव्हा टोकं कर्ण्याच्या तोंडासारखी उघडली. "हे लांबून ओरडणारं अक्षर आहे. दारावर, पाटीवर, पुस्तकाच्या नावाला. गप्पा मारायला नाही, हाक मारायला."

एका मोठ्या वाचनालयाने हा फॉन्ट मागितला आहे. त्यांच्या सगळ्या दारांवर आणि कपाटांवर लागणार. नंतर तो कोणालाही वापरता येईल.

"कोणालाही म्हणजे? दारूच्या दुकानाला लागला तर? कोणाच्या मयताच्या बातमीला लागला तर?"

"लागेल की. तुम्ही बोर्ड काढताना विचारायचात का, आत काय विकता म्हणून?"

विचारायचो. पण ते मी सांगितलं नाही.

महिनाअखेर अक्षरं द्यायची आहेत. सोबत एक कागद जातो, त्यावर अक्षरं मूळ कोणाची ते लिहायचं. ती माझं नाव घालणार म्हणाली. मी म्हटलं, दादाचं पण घाल. ती म्हणाली, "मग त्यांची परवानगी लागेल. तुमचं बोलणं का बंद आहे हो?"

"शिडीवरून वाद झाला होता."

"एकोणीस वर्षं? शिडीवरून?"

"चांगली शिडी होती," मी म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

विशेष काही नाही. हात कालपेक्षा जास्त हलतोय का कमी, ते कळत नाही. कालचं पान शेजारी ठेवून बघितलं. सारखंच असावं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज सुनेने मला खोलीत बोलावलं आणि छापखान्याच्या बोर्डाचा फोटो मोठा करून दाखवला. तिथे उन्हाने रंगाचे पापुद्रे निघाले आहेत.

"बाबा, हे बघा. अक्षराच्या पोटात एकच थर आहे. टोकांवर दोन आहेत. वरचा थर निघालाय तिथे खाली टोक सरळ दिसतंय, सुरीने कापल्यासारखं. म्हणजे आधी सरळ टोकं होती. नंतर कोणीतरी ती वाढवली आहेत."

"उन्हाने होतं तसं," मी म्हटलं.

"उन्हाने रंग वाढतो?"

मी म्हटलं, दूध वर येईल, बघतो. स्वयंपाकघरात गेलो. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकतो.

आमच्या कामाची पद्धत अशी होती. दादा खडूच्या भुकटीत दोरी बुडवून फळीवर रेघा मारायचा आणि अक्षराचा खाका काढायचा. मोजपट्टी लागत नसे. वीत आणि चार बोटं, बस. त्याचं अक्षर म्हणजे नांगरलेलं शेत. मी खाका भरायचो. त्याने जिथे रेघ थांबवली तिथे रंग थांबवायचा, हा नियम. मी खाक्याबाहेर पाऊल टाकलेलं त्याला चालत नसे आणि ते बरोबरच होतं.

पण मला घोर लागायचा. बोर्डाचा रंग टोकाकडून जातो. पाणी शिरतं ते कोपऱ्यातून, ऊन खातं ते कडेकडून. सरळ कापलेलं टोक पाच वर्षांत बोथट होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, पेंटरने फसवलं. म्हणून दादा दुपारी जेवायला घरी गेला की मी डबा खायच्या आधी पुन्हा शिडीवर चढायचो आणि टोकांना थोडा रंग वाढवायचो. पहिल्या वर्षी दोऱ्याएवढा. मग दोन दोऱ्यांएवढा. एकदम वाढवला तर ढेकूळ दिसतं, म्हणून वरून हळूहळू उतरत आणायचा. म्हणजे टोक झिजलं तरी खाली अक्षर शाबूत. एवढाच हेतू होता.

एवढाच नव्हता. लिहायचंच तर खरं लिहावं. नंतर नंतर मला ते बघायला आवडायला लागलं.

दादा बोर्ड खालून बघायचा आणि काही म्हणायचा नाही. मला वाटायचं त्याच्या लक्षात येत नाही. शिंप्याच्या दुकानाच्या वेळी तो दोरी विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आला. मी वर होतो, ब्रश टोकावर. त्याने खालून शिडी धरली. मी उतरेपर्यंत धरून उभा राहिला. मी उतरलो. मग त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि निघून गेला. शब्द नाही.

म्हणून शिडीवरून वाद झाला म्हणतो, ते अगदीच खोटं नाही.

त्यानंतर तो एकट्याने बोर्ड काढायला लागला, सरळ टोकांचे. माझी बायको गेली तेव्हा आला होता. फाटकाशी उभा राहिला आणि गेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुनेला सांगून टाकलं. वाटलं होतं ती फॉन्टच रद्द करेल. तिने छापखान्याचा फोटो पुन्हा उघडला आणि म्हणाली, "म्हणजे टोकं तुमची."

"टोकं म्हणजे खोडी गं. अक्षर त्याचं."

"मग त्यांची सही हवीच. त्याशिवाय मी काही पाठवणार नाही."

"तो देणार नाही. ज्या टोकांवरून माझ्याशी बोलणं सोडलं, ती आता गावभर लागणार, ह्याला तो सही देईल? मेलेला साप उकरून काढतेस."

"तुम्ही घाबरता कशाला? ते काय खाणार आहेत तुम्हाला?"

"खाणार नाही. बोलणारही नाही. तेच वाईट."

ती म्हणाली, मन चिंती ते वैरी न चिंती. लहान तोंडी मोठा घास. पण खरं आहे. माझ्या मनाएवढा मोठा वैरी मला मिळालेला नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दादाच्या मुलाचा फोन आला. तो परगावी असतो. एकोणीस वर्षांत त्याचा हा तिसरा फोन. म्हणाला, "काका, बाबांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. बाजूबाजूचं दिसतं. माणूस समोर आला तर चेहऱ्याच्या जागी धुकं आणि कान दिसतात."

मला माहीतच नव्हतं. परवा तर दादा स्वतःचं घर समजून शेजारणीच्या घरात शिरला, पलंगावर बसला आणि बूट काढून पाणी मागितलं. त्या मजल्यावर सगळी दारं सारखीच. हे तिसऱ्यांदा झालं. आता मुलगा त्याला म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवणार आहे. एक तारखेनंतर येऊन घेऊन जाणार. दादा म्हणतो, मला उचलूनच न्यावं लागेल.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आधी काय आलं ते लिहितो. बरं झालं, आता त्याला टोकं दिसायची नाहीत, असं आलं. मग लाज वाटली. पण बरं आधी वाटलं, हे खरं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो.

चौथा मजला, एका ओळीत सहा दारं, सगळी तपकिरी. आम्हीसुद्धा आधी चुकीचंच वाजवलं. शेजारीण म्हणाली, "अलीकडचं दार. माझ्याकडे ते फक्त झोपायला येतात." रागाने नाही बोलली.

दादाने दार उघडलं. वाळला आहे. मी म्हटलं, "मी आलोय." त्याने तोंड एका बाजूला वळवलं, भिंतीकडे. माझ्याकडे बघणं त्याला नको होतं, समजलो. बसल्यावरही तेच. मी बोलायला लागलो की मान फिरवायचा आणि खिडकीकडे बघायचा. एवढा राग अजून आहे. सुनेशी बोलतानाही तोंड तिकडेच. म्हटलं, तिने काय वाकडं केलंय ह्याचं?

सुनेने मात्र गप्पा जमवल्या. चहा तिनेच केला. मग पिशवीतून मोठा कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. हातभर उंचीचं एकच अक्षर, "थ". मी आधी सांगितलं होतं, दाखवू नकोस, नुसती सही घे. ऐकते कुठे.

दादाने कागद नाकापुढे धरला. लांब नेला. मान अशी, मग तशी. मी दाराकडे बघून ठेवलं, उठायचं झालं तर वाट मोकळी आहे ना.

"मधलं काही दिसत नाही," तो म्हणाला. "खाली एक टोक दिसतंय, फुगलेलं. आणि रेघेची दोन्ही टोकं." मग थांबला. "ए धसक्या!"

हे माझं लहानपणचं नाव. हे नाव घेणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

"काय रे दादा."

"हे तुझंच की रे. दुपारचं."

तो सुनेला म्हणाला, "पोरी, ह्याच्या ह्या टोकांपायी दर बोर्डाला पावशेर रंग जास्त जायचा. आधी वाटायचं डब्याला भोक आहे. मग कळलं भाऊच तसा आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी अक्षर काढलेलं, मला माहीत नसणार? चार वर्षं माहीत होतं. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. ह्याला धीर झाला नाही. टोकांचं काही नव्हतं गं. माझ्या पाठीमागे करायचा, ते होतं."

शेजारच्या घरात कोणीतरी बादली भरत होतं.

"अक्षर माझं," शेवटी दादा म्हणाला, "टोकं ह्याची. तसं लिही, मग कुठे सही करायची ते बोट धरून दाखव." सुनेने बोट धरून कागदावर ठेवलं. त्याची सही अजून दोरी मारल्यासारखी सरळ आहे.

निघताना म्हणाला, "दाराला एक बोर्ड काढ. माझं दार मला सापडलं तर तो पोरगा मला हलवणार नाही, तसं कबूल केलंय त्याने."

सून म्हणाली, "मी उद्याच छापून आणते ना."

"छापलेलं नको. मी खाका काढतो, ह्याला भरू दे."

"दादा, माझा हात हलतो रे."

"मला कुठे दिसणार आहे?" आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रंग आणला, पांढरा इनॅमल, तपकिरी दारावर उठेल असा. जुने ब्रश कडक झाले होते. दोन भिजवून मऊ केले, एकाचे केस हातात आले. जुन्या वर्तमानपत्रावर रेघ मारून बघितली. रेघ कसली, सापाची वाट. सून म्हणाली, "श्वास सोडून मारा." ती मला शिकवते. पण श्वास सोडून मारल्यावर जरा बरी आली.

एवढ्या वयात स्टुलावर चढायचं. चक्कर आली तर? रंग दादाच्या अंगावर सांडला तर? आणि काढूनही त्याला दिसलं नाही तर एक तारखेनंतर गाडी येणार, ते वेगळंच. तेव्हा सगळे म्हणतील, धाकट्याने नीट काढलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सुनेने अक्षरं आणि कागद पाठवून दिले. कागदावर दोन ओळी आहेत, दादाने सांगितल्या तशा. आता ती कुठे कुठे जातील ते आपल्या हातात नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी नऊला पोहोचलो. दादा दाढी करून तयार. एका बाजूची राहिली होती. सांगितलं नाही.

"काय लिहायचं? तुझं नाव?"

"माझं नाव मला माहीत आहे. ते काय दारावर वाचू? 'इथे' लिही."

शेजारीण तिच्या दारात उभी होती. म्हणाली, "आणि माझ्या दारावर लिहा, 'इथे नाही'."

दादा हसला. मग दाराजवळ गेला, हाताने चौकट चाचपली, डोक्याच्या वर वीतभर जागा मोजली. खडू घेतला. डोळे मिटूनच घेतले त्याने. वीत, चार बोटं, रेघ. वीत, दोन बोटं, वळण. मी बघत होतो. एक रेघसुद्धा दुसऱ्यांदा मारावी लागली नाही. टोकं सुरीने कापल्यासारखी.

मी स्टुलावर चढलो. दादाने खालून स्टूल धरलं. मी त्याच्या खाक्यात रंग भरला, रेघेबाहेर कुठेही न जाता. हात हलला की श्वास सोडत होतो. तास लागला. पूर्वी दहा मिनिटांचं काम.

दादा जिना उतरून खाली गेला आणि एकटाच वर आला. आम्ही कोणी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. तो कठड्याला धरून आला, दारांवरून मान फिरवत फिरवत, आणि आपल्या दारावरून पुढे निघून गेला. शेजारणीच्या दाराला किल्ली लावायला लागला. ती बिचारी आत सरकली, त्याला जागा करून.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी दादाला म्हटलं, "तुला विचारून करतो. टोकं वाढवू?"

तो तिथूनच म्हणाला, "आता विचारतोस?" आणि येऊन स्टूल धरलं.

टोकं केली. खालचं, मात्रेचं, "इ"च्या शेपटीचं, वरच्या रेघेची दोन्हीकडची. नेहमी करायचो त्यापेक्षा जास्त उघडली. हात थरथरल्यामुळे एका ठिकाणी फारच उघडलं. खाली धरलेलं स्टूल जरासुद्धा हललं नाही. मी उतरेपर्यंत तो धरून होता.

मग पुन्हा खाली गेला. ह्या वेळी वर येताना दाराच्या अलीकडे थांबला. मान बाजूला वळवली, माझ्याशी बोलताना वळवतो तशी, आणि तसाच उभा राहिला. नंतर दोन पावलं येऊन किल्ली लावली. लागली.

टोकांमुळे झालं की दुसऱ्या खेपेला त्याने पावलं मोजली, सांगता येत नाही. मला वाटतं मोजली असावीत. सून रडायला लागली, तिला कशानेही रडू येतं. शेजारीण म्हणाली, "चला, माझा पलंग सुटला." दादाने मुलाला फोन लावून घेतला आणि म्हणाला, "येऊन बघ. पण गाडी आणू नकोस."

रंगाचा डबा जवळजवळ संपला. ह्या एवढ्याशा कामाला इतका लागायला नको होता. दादा त्यावर काही बोलला नाही.

त्याने स्टूल उचललं आणि आत नेलं. दार मात्र उघडंच ठेवलं. रंग ओला होता, म्हणून ठेवलं असेल.